मुळी चालंना

द्राक्षवाल्याचं निम्मं लक्ष घडावर असतं आणि निम्मं जमिनीखाली. आमची बाग निफाड तालुक्यात, धाकटा भाऊ सांभाळतो. मी भाईंदरला, केबिन रोडवर राहतो. जोडून सुटी आली की गाडी पकडतो. जानेवारीत त्याचा पहाटेचा फोन ठरलेला. "दादा, कुंदेवाडीला पारा पाचावर आलाय. मुळी चालंना."

कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रातला आकडा म्हणजे आमच्या थंडीचं माप. शेजारचा गहू त्या गारठ्यात खूश. द्राक्षाचे मणी मात्र फुगायचे थांबतात. ड्रिपरखाली खुरप्यानं चार बोटं माती सारली की कारण दिसतं. छाटणीनंतर जिथं पांढऱ्या, लुसलुशीत मुळ्यांचं जाळं होतं, तिथं आता टोकं तपकिरी आणि नवी मुळी नाही.

थंडीत पाणी दाट होतं. 25 अंशांच्या मानानं 10 अंशांना जवळजवळ दीडपट. ते ओढायला मुळीला जड जातं. त्यात पेशींच्या आवरणातल्या पाण्याच्या वाटा मिटू लागतात आणि आवरणातली चरबी ताठरते. केबिन रोडवरच्या माझ्या घरात हिवाळ्यात खोबरेल गोठतं, करडईचं तेल गोठत नाही. थंडीला सरावणारी मुळी नेमका हाच फरक वापरते. गोठणारी चरबी कमी करून न गोठणारी वाढवते. पण त्याला काही दिवस लागतात. पारा एका रात्रीत कोसळला तर ती सवड मिळत नाही.

जपान-कोरियात काकडीचं कलम थंडी सोसणाऱ्या भोपळ्याच्या खुंटावर करतात. आमच्या द्राक्षाचं कलम ज्यावर असतं तो डॉगरिज खुंट निवडला गेला पाण्याच्या ताणासाठी, क्षारांसाठी. थंडीचा विचार त्यात नव्हता.

अशा वेळी 'मुळी चालवणाऱ्या' औषधांचे डबे घेऊन लोक बांधावर येतात. माझं मत विचाराल तर त्या दिवसांत खताची टाकी बंद ठेवावी. गार मातीत स्फुरद असूनही मुळीपर्यंत पोचत नाही. रब्बी मक्याची पानं जांभळी पडतात ती त्यामुळेच. शेकोट्यांनी घडांना थोडी ऊब मिळते, मुळीला नाही. तिला खरा आधार विहिरीच्या पाण्याचा, कारण पहाटे ते हवेपेक्षा उबदार असतं. म्हणून एरवी रात्रपाळीच्या विजेला शिव्या घालणारा माझा भाऊ थंडीच्या लाटेत मात्र तीच मागतो. त्या आठवड्यात नेमकी दिवसाची पाळी आली, तर पहाटेचं पाणी विहिरीतच राहतं.