कपाटातली जुनी गोळी

आमचे अब्बा 48व्या वर्षी हृदयविकाराच्या झटक्याने गेले. पुढे धाकट्या बहिणीचं एलडीएल कोलेस्टेरॉल 210 निघालं. डॉक्टर म्हणाले, हे वारशाने आलंय. अॅटोरव्हास्टॅटिनची गोळी सुरू झाली. मूल हवं म्हटल्यावर त्यांनीच ती थांबवली.

बाळंतपणानंतर ती माहेरी आली. मी कपाटातलं जुनं पाकीट तिच्या हातात दिलं. "आता बाळ झालं, घे गोळी. अब्बांचं काय झालं, विसरलीस का?"

ती म्हणाली, "आपा, दुधातून बाळाच्या पोटात जाईल ना?"

वर्गात प्रत्येक प्रश्नाला उत्तर देणारी मी गप्प बसले. दुसऱ्या दिवशी आम्ही डॉक्टरांकडे गेलो.

त्यांनी समजावलं: स्टॅटिन यकृतात कोलेस्टेरॉल तयार होणं कमी करतं. बाळाला मात्र मेंदूच्या वाढीसाठी कोलेस्टेरॉल लागतं. आईच्या दुधात ते असतंच. औषध दुधात फार थोडं उतरत असलं, तरी अंगावर पाजताना ते घेऊ नये असाच सल्ला आहे. रक्तवाहिन्या अरुंद व्हायला वर्षं लागतात, त्यामुळे बहुतेक आयांना काही महिने गोळी थांबवता येते. झटका येऊन गेलेला असेल किंवा कोलेस्टेरॉल फारच जास्त असेल, तर हिशेब वेगळा. तिथे गोळी चालू ठेवून बाळाला वरचं दूध द्यावं लागू शकतं. गरज पडल्यास कोलेस्टिरामिनची पावडर असते. ती आतड्यातच राहते, रक्तात जात नाही, म्हणून दुधातही उतरत नाही. तिने बद्धकोष्ठ होतो आणि काही जीवनसत्त्वं कमी पडू शकतात, म्हणून तीही डॉक्टरांना विचारूनच घ्यायची.

बहिणीला वेगळीच काळजी होती. "दोन वर्षं पाजता आलं नाही तर गुनाह होईल का?" अम्मींनी तिला जवळ घेतलं. सूरह बकराच्या 233व्या आयतीत दोन वर्षं आहेत, पण ज्यांना मुदत पुरी करायची त्यांच्यासाठी. मुलापायी आईला त्रास होऊ नये, हेही तिथेच आहे.

बहीण गोळी थांबवून पाजते आहे. आहार सांभाळते, रक्त तपासून घेते. दूध सोडवलं की गोळी पुन्हा सुरू होईल, इन्शाअल्लाह.

निघताना डॉक्टरांनी मला विचारलं, "बाई, वडील तुमचेही होते ना? तुम्ही तपासणी केलीत?"

मी केली नव्हती. त्याच आठवड्यात केली.