मेडशीचा बेंजो

मैत्रिणींनो, अकोल्याहून वाशीमला जाताना पातूर सोडलं की घाट लागतो, दोन्ही अंगांना सागाचं रान. ते सरलं की मेडशी. मालेगाव तालुक्यातलं हे गाव तुमच्यापैकी बहुतेकींनी पाहिलं असेल तर एसटीच्या खिडकीतूनच. माझी थोरली नणंद तिथे दिली आहे, त्यामुळे दर उन्हाळ्यात माझा दोन दिवस मुक्काम ठरलेला.

यंदा मात्र गेले ती कामगिरीवर. वन्संचा मुलगा अकोल्यातल्या एका परमिट रूममध्ये रात्री की-बोर्ड वाजवतो, आणि त्यापायी दोन स्थळं परत गेली. "तू शाळेत शिकवते नं, मंग याले समजाव," असा वन्संचा निरोप होता.

परमिट रूम हा शब्द पाहा कसा आहे. मुंबई राज्यात १९४९ साली दारूबंदीचा कायदा झाला. परवाना असेल त्यालाच प्यायला मिळे, म्हणून ती परवान्याची खोली. पुढे बंदी सैल झाली, पाटी तशीच राहिली.

रात्री जेवणं आटोपल्यावर ओसरीवर विषय काढला. तो हसला. "मामी, लोकाईले वाटते आम्ही दारुड्याइत बसतो. त्याइच्याकडे पाहाले वेळ कुठं असते?" मग सांगत सुटला. आवाज इतकाच ठेवायचा की टेबलावरच्यांना बोलता आलं पाहिजे. फर्माईश येते ती कागदी रुमालावर, अक्षर लागत नाही. एकाने एकच गाणं सहा वेळा वाजवून घेतलं आणि सातव्यांदा नको म्हणून रडला. टाळ्या? "मॅच जिंकली तर वाजतात. आमच्यासाठी नाही." शेवटची गाडी गेलेली असते, म्हणून तो आणि ऑक्टोपॅडवाला तिथेच माळ्यावर झोपतात. पगार होतो, पण तारीख सांगता येत नाही. दारूला शिवत नाही म्हणाला. मी त्याच्या डोळ्यांकडे पाहिलं, शिक्षिकेची खोड!

मग मोबाइलवर त्याने मला 'अलबेला' दाखवला. भगवानदादांचा १९५१ चा सिनेमा, संगीत सी. रामचंद्रांचं. त्यात बँड घेऊन जो दिसतो तो चिक चॉकलेट, खरं नाव अंतोनियो झेवियर वाझ, मूळचा गोव्याचा. मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात तो ट्रम्पेट वाजवी. रात्री हॉटेलात खाणाऱ्या-पिणाऱ्यांपुढे आणि दिवसा सिनेमाच्या स्टुडिओत, असे कितीतरी गोवेकर वादक होते. आपल्या वऱ्हाडातल्या वरातीत ज्या चालींवर आपले भाऊ-दीर घाम येईस्तोवर नाचतात, त्यातल्या काही अशाच हातांतून आलेल्या. खरं सांगते, हे मला बी. ए. करूनही माहीत नव्हतं.

तेवढ्यात आतून त्याच्या आजीने हाक मारली, "वाजव नं रे." त्याने आजोबांचा बेंजो काढला. नावापुरता बेंजो, विलायती बँजोशी त्याचं काही नातं नाही. १९१२ साली जपानमध्ये नागोयाला गोरो मोरिता यांनी टाइपरायटरसारख्या कळांचं एक तारवाद्य केलं, तेच आपल्याकडे बुलबुलतरंग म्हणून रुजलं. दोन कळा अडकत होत्या. आजी अंथरुणावर उठून बसली, पदर सारखा केला, आणि संपेपर्यंत कुणाशी एक शब्द बोलली नाही. तो खाली मान घालून वाजवत होता. संपल्यावर तिने "पुना" म्हटलं, आणि त्याने पुन्हा वाजवलं. माझं समजावणं राहूनच गेलं.

सकाळी चहाला मात्र वन्संचं आणि माझं वाजलं. रविवारी तिसरं स्थळ यायचं आहे. 'हॉटेलात कामाले हाये' एवढंच सांगावं, असं त्यांचं मत. मी म्हटलं, "वन्सं, वाजवतो हे आधी सांगा. कुठे ते पोरगी विचारील, तेव्हा तेही त्यालाच सांगू द्या." त्या काही बोलल्या नाहीत. दुपारच्या गाडीने तो अकोल्याला निघाला, तेव्हा त्यांनी त्याच्या पिशवीत दोन डबे ठेवले. दुसरा ऑक्टोपॅडवाल्याचा.