नाल्यापलीकडची टाकी आणि सूर्य

सूर्य पृथ्वीपासून सुमारे 15 कोटी किलोमीटर दूर आहे, हे नववीत येण्यापूर्वीच आम्हां सर्वांना पाठ होते. परीक्षेत रिकामी जागा भरण्यास तेवढे पुरत असे. 2003 च्या पावसाळ्यात मात्र विज्ञानाच्या तासाला मागच्या बाकावरून एक प्रश्न आला : "सर, मोजायला कोण गेलं होतं?" वर्ग हसला. विचारणारा आमच्यापैकीच एक होता. त्याचे आईवडील वीटभट्टीवर कामाला असत आणि खेपेला किती विटा झाल्या हे मुकादम सांगेल तेच खरे, हा अनुभव त्याने घरी घेतलेला होता. सर हसले नाहीत. "उद्या सांगतो," एवढेच म्हणाले.

त्या संध्याकाळी विहारात वंदना झाल्यावर भन्तेजींनी कालामसुत्त समजावून सांगितले. योगायोग होता की सरांनी त्यांच्या कानावर घातले होते, हे आम्हांला आजवर कळलेले नाही. ग्रंथात आहे म्हणून, परंपरा आहे म्हणून, किंवा आपला गुरू सांगतो म्हणूनसुद्धा एखादी गोष्ट मानू नये, हे त्यातील म्हणणे आम्ही पूर्वीही ऐकले होते; पण तोवर ते आम्हांला इतरांच्या अंधश्रद्धांना उद्देशून आहे असे वाटे. आपल्या पाठ्यपुस्तकातील 15 कोटींनाही ते लागू पडते, हे त्या दिवशी प्रथम ध्यानात आले.

दुसऱ्या दिवशी सर उत्तर घेऊन आले नाहीत. त्यांनी फळ्यावरचा मोठा लाकडी कोनमापक आणि विहिरीचा दोर आणला. शाळेच्या मैदानापलीकडे नाला आहे आणि नाल्यापलीकडे गावाची पाण्याची टाकी. पावसाळ्यात नाला ओलांडण्यास सक्त मनाई होती. "नाला न ओलांडता टाकी किती दूर आहे ते सांगा," सर म्हणाले.

रीत सोपी होती. हात लांब करून अंगठा धरावा आणि एकेक डोळा मिटून पाहावे. अंगठा मागच्या झाडांवर सरकलेला दिसतो. दोन डोळ्यांतील अंतरामुळे हे होते. वस्तू जितकी दूर, तितके हे सरकणे कमी. यालाच पराशय म्हणतात. टाकीसाठी दोन डोळे पुरेनात, म्हणून मैदानावर 30 मीटर अंतरावर दोन खुंट्या ठोकल्या. पहिल्या खुंटीवर टाकीची दिशा पायारेषेशी बरोबर काटकोनात येईल अशी मांडणी केली आणि दुसऱ्या खुंटीवरून कोन मोजला. एक बाजू आणि दोन कोन कळले की त्रिकोण पुरा होतो. टाकीपर्यंत कोणी जाण्याची गरज उरत नाही.

आमच्या तीन गटांनी तीन कोन मोजले. एकाचा 85 अंश, दुसऱ्याचा 86, तिसऱ्याचा 87. सरांनी कोष्टकातून स्पर्शज्या काढून दिल्या. उत्तरे आली 343 मीटर, 429 मीटर आणि 572 मीटर. एका अंशाच्या फरकाने टाकी शे-दीडशे मीटर पुढेमागे जात होती! आम्हांला शरम वाटली. सरांनी तिन्ही उत्तरे फळ्याच्या कोपऱ्यात लिहिली आणि चौकट आखून खाली लिहिले, 'पुसू नये'. ते आकडे दिवाळीपर्यंत तसेच होते. येणारेजाणारे पालक ते पाहून काय म्हणत असतील, याची आम्हांला फार चिंता होती.

मग एके दिवशी सरांनी ॲरिस्टार्कसची हकिगत सांगितली. सुमारे तेवीसशे वर्षांपूर्वीच्या या ग्रीक विद्वानाने सूर्य चंद्राच्या किती पट दूर आहे हे काढण्याचा मार्ग शोधला होता. चंद्र बरोबर अर्धा दिसतो त्या क्षणी पृथ्वी, चंद्र आणि सूर्य यांच्या त्रिकोणात चंद्रापाशी काटकोन असतो. आपल्यापाशी चंद्र आणि सूर्य यांमधला कोन मोजला की झाले. त्याने तो 87 अंश धरला आणि सूर्य चंद्राच्या साधारण 19 पट दूर आहे असे काढले. खरा कोन 89 अंश 51 मिनिटे आहे आणि सूर्य जवळजवळ 400 पट दूर आहे. तर्क निर्दोष, कोन चुकलेला. आमच्या तिसऱ्या गटाचाही कोन 87 च होता. त्या गटाने पुढे काही दिवस स्वतःला 'ॲरिस्टार्कसवाले' म्हणवून घेतले, हे येथे नोंदवणे भाग आहे.

चुकीचा उपायही त्या त्रिकोणातच होता. पायारेषा आखूड म्हणून कोन काटकोनाला चिकटतो आणि थोडी चूक मोठी होते. दोर वाढवून आम्ही मैदानाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत 100 मीटरची पायारेषा घेतली. कोन आला 75 अंश, अंतर 373 मीटर. फेब्रुवारीत नाला आटल्यावर भन्तेजींच्या परवानगीने आम्ही दोर घेऊन पलीकडे गेलो आणि प्रत्यक्ष मोजले : 378 मीटर. पाच मीटरची चूक राहिली होती, आणि तरीही त्या दिवशीचा आनंद नंतरच्या कुठल्याही निकालाच्या दिवशी आम्हांला लाभला नाही.

टाकीवरून सूर्यावर जाण्यात एक मोठी अडचण होती. सूर्य प्रखर; त्याच्यामागचे तारे दिसत नाहीत, मग तो सरकला हे पाहायचे कशाशी ताडून? येथे केप्लरचा नियम उपयोगी पडला. ग्रहाच्या प्रदक्षिणाकाळाचा वर्ग हा सूर्यापासूनच्या त्याच्या अंतराच्या घनाच्या प्रमाणात असतो. मंगळाला सूर्याभोवती एक फेरी करण्यास 687 दिवस, म्हणजे 1.88 वर्षे लागतात. त्याचा वर्ग 3.53 आणि त्याचे घनमूळ सुमारे 1.52. म्हणजे मंगळ सूर्यापासून आपल्या दीडपट दूर. हा हिशेब आम्ही वसतिगृहात मेणबत्तीच्या उजेडात केला. त्या काळी भारनियमनाने अभ्यासाचे फार नुकसान होई. पण आकाश जे दिसे, ते मात्र भारनियमनाच्याच कृपेने. अशा रीतीने सर्व ग्रहांचा नकाशा हाती आला, फक्त त्यावर प्रमाणपट्टी नव्हती. कोणत्याही एका ग्रहाचे अंतर किलोमीटरमध्ये कळले की सगळा नकाशा मोजला जाणार होता.

ते पहिले अंतर 1672 साली मंगळाचे मिळाले. कॅसिनी पॅरिसमध्ये आणि रिशे दक्षिण अमेरिकेतील कायेन येथे, असे दोघांनी मागच्या ताऱ्यांशी ताडून मंगळाचे स्थान टिपले. आमची पायारेषा 100 मीटर, त्यांची सुमारे 7,000 किलोमीटर. त्यांच्या मोजणीवरून सूर्याचे अंतर सुमारे 14 कोटी किलोमीटर निघाले. त्या काळची साधने पाहता त्यात योगायोगाचाही थोडा वाटा होता, पण सूर्यमाला केवढी विशाल आहे, हे माणसाला तेव्हा कळले.

याच विषयावर आम्ही एका विज्ञान प्रदर्शनासाठी तक्ता केला. त्यावर ॲरिस्टार्कसचे, कॅसिनीचे आणि आजचे असे तिन्ही आकडे होते, शेजारी आमच्या टाकीचेही चारही. परीक्षकांनी तक्ता पाहिला आणि विचारले, "बरोबर उत्तर माहीत असताना चुकीची कशाला लिहिली?" मग आमच्यातील माहिती सांगणाऱ्या मुलीकडे वळून, "कोणी पाठ करून दिलं तुम्हाला हे सगळं?" ती गप्प राहिली. आम्हीही गप्प राहिलो. आमचे कपडे, आमच्या शाळेचे नाव आणि त्या 'तुम्हाला' मधला सूर, हे सगळे आम्हांला नेमके कळले होते. परतीच्या वाटेवर टेम्पोत ती अचानक बोलू लागली आणि शाळेचे फाटक येईपर्यंत तिने पराशयापासून केप्लरपर्यंत सर्व काही खणखणीत आवाजात सांगितले. ऐकायला फक्त आम्हीच होतो. आज ती स्वतः एका माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवते.

नववीची परीक्षा झाली. ज्यांचे आईवडील भट्टीवरून परतले नव्हते असे आम्ही काही जण सुट्टीतही वसतिगृहातच होतो, म्हणून 8 जून 2004 चा दिवस आमच्या वाट्याला आला. त्या दिवशी शुक्र सूर्यबिंबावरून जाणार होता. त्याआधीचे असे अधिक्रमण 1882 साली झाले होते. त्या दिवशी जिवंत असलेल्या कोणीही माणसाने ते पूर्वी पाहिलेले असणे जवळजवळ अशक्य होते. सरांनी कोठून तरी लहान दुर्बीण मिळवली. तिच्यातून कोणीही पाहायचे नाही, अशी ताकीद देऊन त्यांनी सूर्याचे प्रतिबिंब पांढऱ्या कागदावर पाडले. पावणेअकराच्या सुमारास बिंबाच्या कडेला एक खाच पडली. पुढे तिचा काळा ठिपका झाला आणि दिवसभर सरकत राहिला. मधूनच ढग येत आणि आम्ही ओरडत असू.

ढग आले की सर ल जांतीची गोष्ट पुढे नेत. हॅलीने 1716 साली सुचवले होते की पृथ्वीवरच्या दूरदूरच्या ठिकाणांहून शुक्राचे अधिक्रमण पाहिल्यास सूर्याचे अंतर काढता येईल. 1761 चे अधिक्रमण पाहण्यासाठी फ्रान्सचा ल जांती आपल्या पाँडिचेरीला निघाला. तो पोहोचण्यापूर्वीच ते शहर इंग्रजांनी घेतले, आणि अधिक्रमणाच्या दिवशी तो भर समुद्रात डोलणाऱ्या जहाजावर होता. तेथून अचूक मोजणी होणे शक्य नव्हते. तो परत गेला नाही. पुढच्या संधीसाठी तो आठ वर्षे हिंदी महासागराच्या परिसरातच राहिला. 1769 साली पाँडिचेरीत सर्व सज्जता झाली आणि नेमक्या वेळी आकाश ढगांनी भरले. मायदेशी पोहोचला तेव्हा त्याला मृत समजून त्याच्या मालमत्तेच्या वाटण्या चालल्या होत्या. वीटभट्टीवाल्यांच्या आमच्या मित्राने यावर विचारले, "मग त्याचं घर त्याला मिळालं का?" खगोलशास्त्राहून तो प्रश्न त्याला अधिक महत्त्वाचा वाटला, आणि आम्हांलाही.

ही मोजणी इतकी अवघड का, ते त्या कागदावरच कळले. अधिक्रमणाच्या वेळी शुक्र आपल्यापासून जितका दूर असतो, त्याच्या सुमारे 2.6 पट दूर त्याच्यापासून सूर्य असतो. म्हणून दक्षिणोत्तर 1,000 किलोमीटर अंतरावरच्या दोन निरीक्षकांना शुक्राची वाट सूर्यबिंबावर 2,600 किलोमीटर वरखाली दिसेल. सूर्याचा व्यास सुमारे 14 लाख किलोमीटर. आमच्या कागदावरचे बिंब 16 सेंटीमीटरचे होते. त्यावर हा फरक एक तृतीयांश मिलिमीटरसुद्धा भरत नव्हता. आमच्या पेन्सिलीची रेघ त्याहून जाड होती. याच फरकासाठी माणसे आयुष्याची वर्षे घालवून समुद्र ओलांडत होती.

पुढे कोनांची जागा वेळेने घेतली. 1961 मध्ये शुक्रावर रडारच्या लहरी पाठवून त्यांचा प्रतिध्वनी टिपण्यात आला. शुक्र सर्वांत जवळ असताना लहरींना जाऊन परत येण्यास साडेचार मिनिटांच्या आसपास लागतात. प्रकाशाचा वेग ठाऊक असल्याने अंतर मिळते, आणि केप्लरच्या नकाशाला हवी ती प्रमाणपट्टी लागते. सरांनी हे सांगितले तेव्हा आम्हांला त्यात नवल वाटले नाही. 'घर किती दूर?' या प्रश्नाला आमच्यापैकी कोणीच किलोमीटरमध्ये उत्तर देत नसे. एस.टी.ने सहा तास, पुढे चालत एक तास, असेच आम्ही सांगत असू. सूर्य आमच्यापासून उजेडाच्या वेगाने आठ मिनिटे वीस सेकंद होता.

2012 साली जगातील खगोलशास्त्रज्ञांच्या संघटनेने पृथ्वी-सूर्य अंतरावर आधारलेल्या खगोलीय एककाची लांबी कायमची ठरवून टाकली : 14 कोटी 95 लाख 97 हजार 870 किलोमीटर आणि 700 मीटर. ती बातमी आम्ही एकमेकांना फोन करून सांगितली. तोवर आम्हांला शाळा सोडून सात वर्षे झाली होती.

दहावीच्या निरोपापूर्वी आम्ही शाळेत सूर्यमाला मांडली होती. पंचशील ध्वजाच्या खांबापाशी 14 सेंटीमीटरचा चेंडू हा सूर्य. त्या मापाने पृथ्वी 15 मीटरवर, मोहरीच्या बारीक दाण्याएवढी; मोहरी म्हटल्यावर किसागोतमीची आठवण निघालीच. चंद्र दाण्यापासून चार सेंटीमीटरच्या आत. गुरू ही 78 मीटरवरची गोटी. शनी 143 मीटरवर, स्वयंपाकघराच्या मागे. नेपच्यून मात्र आवारात मावेना. 450 मीटरसाठी फाटकाबाहेर जावे लागले आणि एस.टी.च्या थांब्याजवळ, चिंचेखाली आम्ही त्याचा दगड पुरला. सर्वांत जवळचा तारा याच मापाने 4,000 किलोमीटरवर येतो, असे सरांनी सांगितले तेव्हा आम्ही दोर गुंडाळून ठेवला.

या वर्षी महोत्सवाच्या तयारीसाठी आलो तेव्हा रस्ता रुंद झालेला दिसला. चिंच नाही, दगडही डांबराखाली गेला. आताच्या नववीच्या मुलांना आम्ही ही गोष्ट सांगितली, तर त्यांनी तेथेच दोर मागितला. ध्वजस्तंभापासून त्यांनी 450 मीटर मोजले. आमच्या जुन्या जागेपेक्षा ते दहाबारा पावले पुढे, चहाच्या टपरीपाशी निघाले. मोजणी कोणाची चुकली यावर बराच वाद झाला. उद्या सकाळी पुन्हा दोर धरायचा ठरले आहे.