चार शहरे, सहा दिवस आणि एक वही

सोलापूरकराला रेल्वेचे कौतुक कमीच. मुंबईकडून येणारी लाईन १८६० साली आपल्या गावात पोहोचली, १८७१ मध्ये ती रायचूरपर्यंत गेली, आणि १८७४ मध्ये वाडीपासून निजामाच्या राज्यात सिकंदराबादपर्यंतचा रस्ता खुला झाला. तेव्हापासून गाड्यांचे आवाज ऐकतच इथल्या पिढ्या वाढल्या. तरी आपल्या बहुतेक घरांत रेल्वेचा प्रवास म्हणजे कुणाची शादी, कुणाची मय्यत, नाहीतर पुण्या-मुंबईचा दवाखाना. नुसते शहर पाहायला, मुलांना घेऊन, चार ठिकाणी मुक्काम करत जायचे, हे अजूनही चैनीत मोडते.

यंदा दिवाळीच्या सुट्टीत आम्ही ही चैन करायचे ठरवले. घरातले सहा जण: आम्ही दोघे, अम्मी, आणि चौदा, नऊ व चार वर्षांची तीन मुले. उत्पन्न टॉवेलच्या कारखान्यातले, त्यामुळे खर्चाची मर्यादा आधीच ठरलेली होती. थोरलीच्या दहावीच्या फीला हात लावायचा नाही, हीही अट होती. आणखी एक गोष्ट पणाला होती. अम्मींची सख्खी बहीण, म्हणजे आमची खाला, हैदराबादला मेहदीपट्टणमला राहते. अकरा वर्षांत दोघींची भेट नव्हती. फोनवर दोघी रोज बोलायच्या आणि फोन ठेवताना रोज म्हणायच्या, "अल्लाहने चाहा तो मिलेंगे." अम्मींचे गुडघे पाहता ही भेट आणखी लांबवणे बरे नव्हते.

म्हणून एक वही केली. त्यात चार रकाने पाडले: गाडीभाडे, मुक्काम, शहरातली ये-जा आणि जेवण. आपल्यासारखी घरे पहिल्या दोन रकान्यांचा विचार करून निघतात आणि तिसऱ्या रकान्यात मार खातात. समजा, स्टेशनपासून लांबची खोली चारशे रुपयांनी स्वस्त मिळाली. पण सहा माणसे एका रिक्षात मावत नाहीत, दोन रिक्षा लागतात. सकाळी जायला आणि संध्याकाळी यायला एका रिक्षाचे दीडशे धरले, तरी दिवसाचे सहाशे झाले. वाचले चारशे, गेले सहाशे, आणि दीड-दोन तास रस्त्यात गेले ते वेगळेच. म्हणून आम्ही खोलीचा दर एकटा कधी पाहिला नाही. खोली अधिक ये-जा, अशी बेरीज करूनच पाहिली.

मार्ग निवडताना दूरच्या थंड हवेच्या ठिकाणांचा मोह सोडला. सोलापूर ज्या दख्खनच्या मधोमध आहे, ती दख्खन आपण किती पाहिली आहे? आपल्याच भुईकोट किल्ल्याची गोष्ट घ्या. आदिलशाही आणि निजामशाही यांच्यात सोलापूर हुंड्याची वस्तू होऊन बसले होते. इस्माईल आदिलशहाच्या बहिणीचा निकाह बुऱ्हाण निजामशहाशी झाला, तेव्हा सोलापूर देण्याचा शब्द दिला गेला. तो पाळला गेला नाही म्हणून दोन घराण्यांत लढाया झाल्या. पुढे अहमदनगरची चांदबीबी अली आदिलशहाची बेगम होऊन विजापूरला गेली, तेव्हा हेच सोलापूर तिच्याबरोबर आदिलशाहीला मिळाले. हुंड्यासाठी माणसे मेली, हे आपल्या शहराच्या तटबंदीलाही ठाऊक आहे. थोरलीला हे सांगितले तेव्हा ती म्हणाली, "मग विजापूरही पाहू या." तिथूनच आमचा मार्ग ठरला: विजापूर, गुलबर्गा, बिदर, हैदराबाद. नकाशावर आता पहिल्या दोघांची नावे विजयपुरा आणि कलबुर्गी अशी आहेत, तिकीट काढताना ती लक्षात ठेवावीत.

आता योजना. आम्ही सोमवारी सुरुवात केली, त्याचे कारण पुढे येईल.

सोमवारी विजापूर, आणि मुक्काम घरीच. होटगीहून गदगकडे जाणाऱ्या लाईनवर हे शहर आपल्यापासून शंभर-सव्वाशे किलोमीटरवर आहे. सकाळी जाऊन रात्री परत येता येते. सामान नाही, हॉटेल नाही. गोलघुमट स्टेशनपासून जवळ आहे, म्हणून आधी तोच पाहावा. मुहम्मद आदिलशहाची ही कबर १६५६ साली पुरी झाली. घुमटाचा बाहेरचा व्यास सुमारे ४४ मीटर आहे. वरच्या सज्जात एका बाजूला पुटपुटलेले दुसऱ्या बाजूला ऐकू येते, पण गर्दी झाली की नुसता कल्ला उरतो, म्हणून सकाळीच जावे. जिने अरुंद आणि चढाचे आहेत. अम्मी खाली हिरवळीवर बसल्या, धाकटा त्यांच्याजवळ राहिला. दुपारनंतर टांग्याने शहराच्या पश्चिमेला गेलो. तिथे मलिक-ए-मैदान ही १५४९ साली अहमदनगरला ओतलेली तोफ आहे, आणि इब्राहीम रोजा. दुसऱ्या इब्राहीम आदिलशहाची ही कबर नक्षीच्या बाबतीत गोलघुमटापेक्षा कितीतरी सरस आहे. आदिलशाहीच्या दफ्तरात महसुलाचे हिशेब मराठीत चालत, हे मुलांना तिथे सांगितले. मराठी ही आपल्याही घरची भाषा आहे, हे त्यांना कळायला त्याहून चांगली जागा नव्हती.

मंगळवारी गुलबर्गा. मुख्य लाईनवर सोलापूरपासून सुमारे ११० किलोमीटर. एवढ्या अंतराला आरक्षणाची गरज नसते, साधे तिकीट पुरते. मात्र दोनशे किलोमीटरच्या आतले अनारक्षित तिकीट काढल्यापासून तीन तासांत किंवा त्यानंतरच्या पहिल्या गाडीने निघावे लागते, म्हणून आदल्या रात्री काढून ठेवू नये. खोली स्टेशनजवळ घेतली, कारण दुसऱ्या दिवशीची गाडी सकाळची होती. १३४७ साली बहमनी सलतनत इथे उभी राहिली. किल्ल्यातली १३६७ ची जामा मशीद जरूर पाहावी. तिला उघडे अंगण नाही, सगळी मशीद छताखाली, कमानीमागे कमान. भर दुपारी आत गेलो तर बाहेरचे ऊन विसरायला झाले. संध्याकाळी १४२२ मध्ये वफात पावलेल्या ख्वाजा बंदानवाज यांच्या दर्ग्याचा परिसर आणि जवळचे हफ्त गुंबद पाहिले.

बुधवारी बिदर. ही योजनेतली सगळ्यात नाजूक कडी. गुलबर्गा-बिदर ही हुमनाबादवरून जाणारी लाईन २०१७ साली सुरू झाली, तीवर गाड्या थोड्या आहेत. इथे एक नियम उपयोगी पडतो: जी गाडी सगळ्यात दुर्मीळ, ती आधी पक्की करा, बाकीचे दिवस तिच्याभोवती बसवा. मुंबई-हैदराबाद मार्गावर एक गाडी चुकली तर दुसरी मिळते, इथे तसे नाही. ती वेळ जमत नसेल तर बस आहेच. फक्त एक ध्यानात असू द्या. कर्नाटकात आणि तेलंगणात बायकांना सरकारी बसचा प्रवास मोफत आहे तो त्या त्या राज्यातल्या रहिवाशांसाठी. आपल्या आधार कार्डावर सोलापूर लिहिलेले, तेव्हा आपल्याला तिकीट काढावेच लागते.

बिदरमध्ये महमूद गावानचा मदरसा पाहून थोरली बराच वेळ गप्प होती. इराणच्या गिलानहून आलेला हा माणूस बहमनी राज्याचा वजीर झाला आणि त्याने १४७२ मध्ये हा तीनमजली मदरसा बांधला. दर्शनी भिंतीवर निळ्या-हिरव्या फरशीकामाचे तुकडे अजून चिकटून आहेत. १४८१ मध्ये एका बनावट पत्रावरून सुलतानाने त्याला ठार केले. "पत्र खरं आहे का, हे कुणी तपासलं नाही?" तिने विचारले. आज मोबाइलवर आलेला प्रत्येक मजकूर पुढे ढकलणाऱ्या आपल्या घरांनी या प्रश्नावर थोडे थांबावे.

गुरुवारी सकाळी बिदरचा किल्ला पाहिला. त्यातली सोला खांबा मशीद आणि शिंपल्यांच्या जडावाचा रंगीन महाल अवश्य पाहा. बाजारात बिदरी काम पाहिले, घेतले मात्र काही नाही, कारण तो रकाना वहीत नव्हता. संध्याकाळी विकाराबादवरून जाणाऱ्या गाडीने हैदराबाद गाठले.

इथे खरा प्रश्न उभा राहिला. खालाचे घर दोन खोल्यांचे, त्यात त्यांचीच सहा माणसे. सहाही जण तिथे उतरलो असतो तर आपला मुक्काम फुकट झाला असता, पण त्याची किंमत त्या घरच्या बायकांनी पहाटेपासून चुलीपुढे उभे राहून मोजली असती. पाहुणचार ही आपली शान आहे, म्हणून त्याचा हॉटेलसारखा वापर करू नये. खाला फोनवर रुसली. "मेरा घर होते हुए हॉटेल?" अम्मींनीच तोड काढली: दोन्ही रात्री त्या बहिणीकडे राहतील, बाकीचे हॉटेलात, आणि एक दावत सगळ्यांची खालाकडे. त्यामुळे आम्हा पाच जणांना जादा गादी टाकून एकच खोली पुरली. भेटही झाली, मुक्कामाचा रकानाही आटोक्यात राहिला.

खोली नामपल्लीला घेतली. मोठे स्टेशन तिथे, मेट्रोही तिथे. एका बाजूला जुने शहर आणि दुसऱ्या बाजूला गोवळकोंडा, दोन्हींच्या मधली ही जागा. मेट्रो अजून चारमिनारपर्यंत जात नाही. एमजीबीएसला उतरून पुढे बस किंवा रिक्षा घ्यावी लागते. थोडे स्वस्त म्हणून लिंगमपल्लीच्या बाजूला राहिलो असतो, तर दिवसाचा मोठा भाग लोकलमध्ये गेला असता.

सोमवारी निघण्याचे कारण इथे कळते. सालारजंग म्युझियम शुक्रवारी बंद असते. म्हणून शुक्रवारी १५९१ चा चारमिनार आणि मक्का मशिदीत जुमा. मुहम्मद कुतुबशहाने सुरू केलेली ही मशीद १६९४ मध्ये, औरंगजेबाच्या काळात पुरी झाली. जुम्याच्या गर्दीत मुलांचा हात सोडू नये आणि भेटायची जागा आधी ठरवावी. रात्री दावत. शनिवारी दुपारच्या आत खोली सोडली, सामान स्टेशनच्या क्लोक रूममध्ये ठेवले (बॅगेला कुलूप आणि प्रवासाचे तिकीट लागते), सालारजंग पाहिले. मग गोवळकोंडा. फतेह दरवाजाखाली टाळी वाजवली की वर बाला हिसारला ऐकू येते, हा खेळ मुलांनी थकेपर्यंत खेळला. तिथून मेहदीपट्टणम जवळच. अम्मींना घेऊन रात्रीच्या गाडीने परत.

रात्रीच्या गाडीबद्दल थोडे. हैदराबाद-सोलापूर अंतर साडेतीनशे किलोमीटरच्या आसपास. रात्री निघालेली गाडी पहाटेच पोहोचवते. जाताना असे पोहोचलो तर खोली दुपारपर्यंत मिळत नाही, किंवा एका रात्रीचे जादा पैसे जातात. येताना मात्र दार आपल्याच घरचे असते. म्हणून जाताना दिवसा आणि येताना रात्री. सहा दिवसांत खोलीचे भाडे चारच रात्रींचे पडले.

आरक्षण आता साठ दिवस आधी, सकाळी आठला उघडते. परतीचे तिकीट त्याच दिवशी काढावे. पाच वर्षांखालच्या मुलाला तिकीट नाही. पाच ते बारामधल्या मुलाला वेगळा बर्थ घेतला तर पूर्ण भाडे, न घेतला तर अर्धे. ज्येष्ठांची सवलत २०२० पासून बंद आहे. पुरातत्त्व खात्याच्या इमारतींत पंधरा वर्षांखालच्या मुलांना प्रवेश फुकट असतो, त्यामुळे आमची तिन्ही मुले विनातिकीट आत गेली.

जेवणाच्या रकान्याला कडक भाकरी आणि शेंगाचटणीने सांभाळले. एक डबा चार दिवस पुरला. दिवसातून एकच जेवण बाहेर केले, तेही मन भरून. हैदराबादी बिर्याणी आणि उस्मानिया बिस्किटांसोबत इराणी चहा टाळणे शक्यही नव्हते आणि योग्यही नव्हते. सफरात चार रकअतींच्या फर्ज नमाजा दोन होतात. कोणत्या शहरात किती दिवस, हे आपल्या इमामसाहेबांना दाखवून निघण्यापूर्वीच समजून घेतले तर वाटेत घोळ होत नाही.

खर्च मोजला तेव्हा गाडीभाडे सगळ्यांत लहान निघाले, आणि शहरातली ये-जा ठरवल्याच्या आतच राहिली. दहावीची फी जागेवर आहे. खालाने निरोप देताना अम्मींच्या हातात एक जुनी सुपारीची डबी ठेवली, दोघींच्या आईची. अम्मींनी ती वहीशेजारी कपाटात ठेवली आहे आणि पुढच्या वर्षी खालालाच सोलापूरला आणायचे, म्हणून त्याच वहीत नवे पान उघडायला सांगितले आहे. इन्शाअल्लाह.