ब्लँकेटच्या आधी

गंगाखेड,
वसुबारस

चि. बापूस,


तुझा मेसेज मिळाला. पुणे स्टेशनाबाहेर झोपणाऱ्यांसाठी तुम्ही ऑफिसातली पोरं ब्लँकेटं गोळा करताय आणि मामानंही काही पाठवावं, असं तू लिहिलंस. पाठवतो. थंडी काही माझ्या मताची वाट बघत थांबणार नाही. पण मेसेजात मावणार नाही असं थोडं सांगायचं आहे, म्हणून कागद घेतला. तलाठ्याला कागदाशिवाय सुचत नाही, हे तू लहानपणापासून ऐकत आलास.

तू लिहिलंस, त्या लोकांत बरेच आपल्याकडचे निघाले, पालम, जिंतूर, सोनपेठकडचे. तुला धक्का बसला, मला नाही बसला. ती माणसं पुण्यात बेघर झालेली नाहीत. ती गावातच बेघर झाली, आमच्याच दप्तरात, कधीकधी दहा वर्षं आधी. पुण्याला ती फक्त झोपायला आली.

नवरा गेला की बाईचं घर कसं जातं ते बघ. कुणी तिला धक्के मारून काढत नाही. शेत सासऱ्याच्या नावावर, ग्रामपंचायतीच्या नमुना नंबर ८ ला घरही सासऱ्याच्याच नावावर. नवऱ्यानं कर्जापायी जीव दिला असेल तर एक लाखाच्या मदतीची फाईल होते, तीस हजार हातात आणि सत्तर हजार बँकेत ठेव. पण कर्ज बिनपरवाना सावकाराचं असलं तर फाईलवर ‘अपात्र’ शेरा पडायला वेळ लागत नाही. मग दीर म्हणतो, वहिनी, चार दिवस माहेरी जाऊन या, लेकरांचं मन रमंल. चार दिवसांचे चार महिने होतात. माहेरी भावजय असते. तिथून बाई चाकणला नाहीतर वाघोलीला कुणाच्या तरी खोलीत जाते. दोन-तीन वर्षांनी सासरा जातो, आणि वारसनोंदीच्या अर्जात मयत मुलाची बायको-लेकरं लिहायचीच ‘राहून’ जातात. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्यानं ती पहिल्या वर्गातली वारस आहे. पण फेरफाराची नोटीस पंधरा दिवस चावडीवर लटकते आणि पंधरा दिवसांत चाकणहून येऊन ती वाचणार कोण?

मी चावडीवर होतो तोवर अशा अर्जाला एकच प्रश्न विचारायचो : थोरल्याची बायको कुठाय? पंच खाली बघायला लागले की समजायचं. त्या एका प्रश्नाला सरकारचा रुपया लागत नव्हता. तोच प्रश्न पाच वर्षांनी विचारायचा म्हणजे दिवाणी दावा, वकील, परभणीचे खेटे आणि दर तारखेला बुडालेली मजुरी.

शासनाला हे कळत नाही असं नाही. जून २०१९ मध्ये आत्महत्याग्रस्त कुटुंबातल्या बायकांची वारसनोंद, रेशन कार्ड वगैरे मार्गी लावायचा शासननिर्णय निघाला. महिला किसान अधिकार मंचाच्या बायकांनी त्यासाठी बरंच डोकं आपटलं होतं. २०२५ मध्ये ‘जिवंत सातबारा’ मोहीम आली, मेलेल्या खातेदारांच्या जागी वारसांची नावं लावायची. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाडनं मे २०२२ मध्ये ग्रामसभेत ठराव केला की विधवेच्या बांगड्या फोडायच्या नाहीत, कुंकू पुसायचं नाही. फार मोठी गोष्ट केली त्या गावानं. आपल्या एखाद्या गावानं त्याच ठरावाला एक ओळ जोडावी असं मला फार वाटतं : तेराव्याच्या आत तिच्या नावाचा वारसअर्ज गावानं भरून घ्यायचा. नाहीतरी पंगतीला सरपंच असतो, पोलीस पाटील असतो, पंच तर अख्खी आळीच असते.

आता दुसरी गोष्ट, ही ऐकून तुला हसू येईल. गायरानावर झोपडी टाकली की आम्ही अतिक्रमणाची नोंद घ्यायचो, एक-ई च्या रजिस्टरला, आणि दंडाची पावती फाडायचो. शहाणे लोक ती पावती गोधडीत शिवून ठेवायचे. दादासाहेब गायकवाडांनी १९५९ ला आणि पुन्हा १९६४ ला भूमिहीनांचा सत्याग्रह केला, पुढं मराठवाड्यात एकनाथ आवाडांनी गायरानाची चळवळ उभी केली, तेव्हा कुठं १९९१ मध्ये शासनानं १४ एप्रिल १९९० पर्यंतची अतिक्रमणं नियमित करायचं ठरवलं. मग पुरावा काय? तर तीच दंडाची पावती. शिक्षेचा कागद घराचा कागद झाला. ज्यांनी भीतीपोटी किंवा ऊसतोडीच्या मुकादमाच्या घाईत नोंदच करून घेतली नाही, ते तीस वर्षं त्याच जागेवर राहूनही उपरे ठरले. २०२२ च्या हिवाळ्यात उच्च न्यायालयाच्या आदेशामागून गायरानावरच्या घरांना नोटिसा निघाल्या, तेव्हा पुन्हा तीच धावपळ झाली. कागद शोधायला सुरुवात नोटीस हातात पडल्यावर होते, हे आपलं जुनंच दुखणं आहे.

ऊसतोडीचं तर तुला ठाऊकच आहे. दसरा झाला की आपल्या नाक्यावरून ट्रॅक्टर निघतात, वर बिऱ्हाड, शेळी, म्हातारी. एका कोयत्याला, म्हणजे नवराबायकोच्या जोडीला, लाखाच्या आसपास उचल असते, ती पोरीच्या लग्नात नाहीतर दवाखान्यात आधीच संपलेली असते. २०२४ च्या जानेवारीत तोडणीचा दर ३४ टक्के वाढला, चांगलं झालं, पण एकानं जरी अंथरूण धरलं तरी खाडे पडतात आणि बाकी पुढच्या हंगामावर चढते. इकडं गावातलं घर बंद. माळवदाचं घर बंद राहिलं की मरतं, बापू. पावसाळ्याआधी धाब्यावर माती टाकावी लागते, मुंग्यांची बिळं बुजवावी लागतात, चूल पेटती असली की वाळवी दबून असते. दोन-तीन हंगाम कुणी फिरकलं नाही की एका पावसात भिंत बसते. मग पंचनामा. पक्कं असो की कच्चं, घर पूर्ण पडलं तर एक लाख वीस हजार. कच्च्या घराची भिंत नुसती खचली तर चार हजार. म्हणजे सरकारी मदत सुद्धा घर नीट पडेपर्यंत वाट बघते! आणि घरकुल मंजूर असलं तरी पुढचा हप्ता मिळतो बांधकामाचा फोटो चढल्यावर. जोत्याचा फोटो काढायच्या वेळेला मालक सांगलीकडच्या फडात कोपीत झोपलेला असतो. २६९ चौरस फुटांचं ते घर लिंटेलपर्यंत येऊन वर्षानुवर्षं आभाळाकडं बघत उभं आहे, अशी किती तरी घरं तुला पालम रस्त्यावरून दिसतील.

म्हणूनच मला हंगामी वसतिगृहांचं फार महत्त्व वाटतं. लेकरं गावातच राहतात, शाळेकडून दोन वेळा जेवतात, रात्री आजीजवळ झोपतात. लोकांना वाटतं ही शिक्षणाची योजना आहे. आहेच, पण लेकरू गावात राहिलं की आजी राहते, आजी राहिली की चूल राहते, आणि घराला कुलूप लागत नाही. अनुदान उशिरा आलं की वसतिगृह दिवाळीनंतर सुरू होतं, तोवर पोरं ट्रॅक्टरवर चढलेली असतात. पंधरा दिवसांचाच उशीर, पण त्यात एक घर बंद पडतं. गावातल्या बचत गटानं पहिल्या पंधरा दिवसांचा किराणा उचलला तर भागतं. उमेद अभियानातल्या गटांकडं आता तेवढी शिल्लक असते. ज्यांना आजीही नाही त्यांचं काय? पालम तालुक्यातच केरवाडीला सूर्यकांतराव कुलकर्णींनी स्वप्नभूमीत अनाथ लेकरांसाठी घर उभं केलं. आपल्या गावची संत जनाबाई सुद्धा परक्याच घरी वाढली, दामाशेटींनी ठेवून घेतलं म्हणून. पण प्रत्येक पोराला दामाशेटी भेटेल या भरवशावर गाव चालवता येत नाही.

सावकारीचंही थोडक्यात सांगतो, कारण तुझ्या वयाच्या पोरांना हे माहीत नसतं. अडीनडीला पैसे देताना सावकार गहाणखत करत नाही, सरळ खरेदीखत करून घेतो, ‘विश्वासावर’. पैसे फेडले तरी जमीन परत येत नाही. २०१४ च्या सावकारी कायद्यानं असा व्यवहार अवैध सावकारीतून झाल्याचं चौकशीत ठरलं तर जिल्हा उपनिबंधक जमीन मूळ मालकाला परत देऊ शकतो. अर्ज साध्या कागदावर करता येतो. पण अर्ज करणारा गावात असायला हवा, आणि साक्ष द्यायला शेजारी हवेत. साक्षीला शेजारी मिळत नाही, तिथं कायद्याचं काही चालत नाही.

पेपरात मागं वाचलं होतं, ब्रिटनमधल्या वेल्सनं २०१४ मध्ये कायदा केला : घर जाण्याची वेळ ५६ दिवसांवर आली की नगरपालिकेनं मदतीला धावायचं. पुढं इंग्लंडनंही तसाच केला. तिकडं कायद्याला ५६ दिवस आधी कळतं. आपल्याकडं कुणाचं घर डुगडुगतंय ते आळीला दोन वर्षं आधी कळतं, किराणा दुकानदाराला तर त्याच्याही आधी. ‘बनी तो बनी, नहीं तो परभणी’ म्हणतात ना आपल्या जिल्ह्याला. निझामाच्या काळची म्हण आहे म्हणे, आणि लोक ती हसत सांगतात. मला त्यातला दुसरा अर्धा भाग आवडतो. कुठं जमलं नाही तर परत यायला एक जागा आहे, असा मी त्याचा अर्थ लावतो. ती जागा रजिस्टरात शिल्लक असली पाहिजे एवढंच.

तर ब्लँकेट देताना प्रत्येकाला गाव विचार, आणि घर कुणाच्या नावावर होतं तेही विचार. आपल्या बाजूचा कुणी निघाला तर मला नाव-गाव कळव. रिटायर झालो तरी तहसीलची पायरी अजून मला ओळखते.

आणि हो, तुमच्याच घराचं राहिलंय. परवा ग्रामपंचायतीत नमुना ८ बघितला, दाजी जाऊन एवढा काळ लोटला तरी घर अजून त्यांच्याच नावावर आहे, ताईचं नाव कुठंच नाही. तू आणि तुझा भाऊ भांडणार नाही हे मला माहीत आहे. तुमच्या बायकांचं आणि पुढच्या पिढीचं मला माहीत नाही. घरपट्टीची बाकी मी भरतो. मृत्यूचा दाखला ताईच्या ट्रंकेत आहे. तुम्हा तिघा भावंडांच्या आधारच्या झेरॉक्स आणि सह्या लागतील, बहिणीचीसुद्धा, तिला विसरू नका. मासिक सभा पुढच्या आठवड्यात आहे. भाऊबीजेला येशील तेव्हा एक दिवस जास्तीची रजा टाक.

तुझा,
मामा