आधी कानस, मग यंत्र

आमच्या चिंचवडच्या घरात सध्या एक शिक्षिका घडत आहे. धाकटी कन्या डी.एल.एड.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. पूर्वी आपण ज्याला डी.एड. म्हणत असू, तोच हा अभ्यासक्रम. आमच्या तरुणपणी छात्राध्यापिका रात्री जागून तक्ते रंगवीत, पुठ्ठ्याची घड्याळे कापीत. आमची कन्या पाठटाचण पुरे झाले की मोबाईलवर चित्रफीत जुळवीत बसते. आम्ही उभयता ते कौतुकाने पाहतो; खरे सांगायचे तर थोडे धास्तावूनही.

तिचा पहिला सराव पाठ चाकणजवळच्या एका शाळेत, दुसरीच्या वर्गावर झाला. चित्रफितीतला पाऊस पाहून मुले हरखली. घरचा अभ्यास म्हणून तिने क्यूआर कोड छापलेले कागद वाटले. घरी मोबाईल त्यावर धरला की गोष्ट ऐकू यावी, अशी योजना होती. दुसऱ्या दिवशी तिने विचारले, “गोष्ट कोणी कोणी ऐकली?” थोडेच हात वर झाले. एक मुलगा म्हणाला, “मॅडम, आमचा फोन पप्पांबरोबर नाईटला जातो.” मागे बसलेला एक मुलगा तर काहीच बोलला नाही. त्याच्या घरी भोजपुरी बोलतात, हे तिला नंतर कळले.

त्या संध्याकाळी ती नीट जेवली नाही. रोझरी झाल्यावर हळूच म्हणाली, “मी गोष्टीचा विचार केला, पप्पा, ती ऐकणाऱ्यांचा केलाच नाही.”

आमच्यापैकी एकाची हयात टूलरूममध्ये गेली. आयटीआयमध्ये फिटरच्या हाती प्रथम कानस देतात. लोखंडाचा तुकडा घासून घासून गुण्यात आणावा लागतो. हात सोलवटतात, कंटाळा येतो. पुढे कारखान्यात संगणकावर चालणारी यंत्रे आली, तेव्हा त्यांवर लवकर हात बसला तो कानस घासलेल्यांचाच. कारण धातू कोठे नमतो आणि कोठे अडतो, हे त्यांना ठाऊक होते. हे आम्ही तिला सांगितले. तिने विचारले, “मग माझी कानस कोणती?” उत्तर आमच्यापाशी तयार नव्हते.

साधने तर या राज्यात एकामागून एक आली. पुण्यात १९८४ साली बालचित्रवाणी सुरू झाली. २०१७ मध्ये ती बंद झाली. त्याच सुमारास पाठ्यपुस्तकांत क्यूआर कोड आले. २०२० मध्ये कोरोनामुळे शाळा मिटल्या, तेव्हा सह्याद्री वाहिनीवरून ‘टिलीमिली’ ही मालिका मुलांपर्यंत पोहोचली. प्रत्येक साधनाने पुष्कळांचे भले केले. पण ज्या घरी संच वा मोबाईल नव्हता, त्या घराच्या उंबरठ्याशी ते थांबले.

सोलापूर जिल्ह्यातील परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेत शिकवणारे रणजितसिंह डिसले यांना २०२० चा जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला. त्या दहा लाख डॉलरांपैकी निम्मी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतील इतर नऊ शिक्षकांना वाटून दिली, हे वाचकांना आठवत असेल. त्यांचे क्यूआर कोडही सर्वांना ठाऊक आहेत. कन्येच्या मनाला मात्र दुसरीच गोष्ट लागली. पुस्तके मुलांच्या घरच्या भाषेत नव्हती, म्हणून डिसले यांनी ती कन्नडमध्ये आणली. नुसता कोड छापून ते थांबले नव्हते. तिला तिची कानस सापडली.

पुढच्या पाठाआधी ती मुलांच्या वस्तीत जाऊन आली. कोणाच्या वडिलांची कोणती पाळी, फोन घरी केव्हा असतो, आई कोणत्या भाषेत रागावते, हे तिने वहीत टिपले. मग पाठ घेतला. या वेळी घरी काहीच पाठवले नाही. वर्गातच एकेका मुलाला पावसाविषयी बोलायला लावून तिने आपल्या मोबाईलवर त्याचा आवाज टिपला. मागे बसणाऱ्या मुलाला ती म्हणाली, “तुझ्या आजीशी बोलतोस तसे बोल.” तो भोजपुरीत गावच्या पावसाविषयी बोलला. आपलाच आवाज मोबाईलमधून ऐकून तो लाजला आणि पुन्हा लावायला सांगू लागला. इतर मुले त्याला त्या शब्दांचे अर्थ विचारू लागली. तो अडखळत मराठीत सांगू लागला.

पाठ फार नेटका झाला नाही, वेळही संपली, असे ती घरी येऊन म्हणाली. त्या दिवशी मात्र ती पोटभर जेवली. आता तिच्या वहीत पहिला रकाना मुलाच्या घराचा असतो. चित्रफितीचा रकाना त्याच्यानंतर येतो.