शेवटची पंगत

मी २२ वर्षे कारखान्यात सुपरवायझर होतो. निवृत्त झालो आणि आमच्या गावच्या दिंडीची व्यवस्था माझ्याकडे आली. आळंदी ते पंढरपूर, १६० वारकरी, सामानाचे दोन ट्रक, पाण्याचा एक टँकर. माणसं सांभाळायचं काम मला नवं नाही, असं वाटलं.

वही केली, पिशव्यांना नंबर दिले, गळ्यात शिट्टी अडकवली. पहाटे तीनला शिट्टी, साडेतीनला तंबू रिकामे. पंगत उठल्यावर येईल त्याला जेवण नाही.

पुण्यापर्यंत सगळं सुरळीत गेलं. पुणे ते सासवड हा वारीतला सर्वात लांबचा टप्पा, त्यात दिवेघाट. त्या दिवशी आमच्यातल्या एक मावशी फार मागे राहिल्या. तळपायाला फोड आले होते. त्या तळावर पोचल्या तेव्हा पंगत उठली होती. आचारी वाढायला निघाला होता. मीच त्याला थांबवलं. म्हणालो, नियम सगळ्यांना सारखा. मावशी काही बोलल्या नाहीत, पाणी पिऊन निजल्या. हे सांगायला आजही जड जातं.

जेजुरीच्या मुक्कामानंतर दुसरा घोळ झाला. सामान चढवणारी पाच पोरं पहाटे ट्रककडे आलीच नाहीत, सरळ पालखीबरोबर चालू लागली. शिट्टीला कोणी दाद देईना. ट्रक दोन तास उशिरा निघाला. वाल्ह्यात पाऊस आला तेव्हा एकही तंबू उभा नव्हता. म्हातारी माणसं भिजली, दोघांना ताप आला. मी पोरांना सगळ्यांदेखत वाट्टेल ते बोललो. दुसऱ्या दिवशी त्यातली दोघं नीरेहून रेल्वेने घरी गेली.

लोणंदला रात्री झोप येईना. आमचे विणेकरी अण्णा जागे होते. वय ७४, शेतकरी माणूस. वीणा खाली ठेवायची नसते म्हणून ती दुसऱ्याच्या गळ्यात घालून ते रोज वाढायला उभे राहत आणि शेवटच्या पंगतीला जेवत. त्यांनी कोणाला काही फर्मावल्याचं मी पाहिलं नव्हतं. मी गाऱ्हाणं मांडलं. ते एवढंच म्हणाले, "माउली, शिट्टी पिशवीत ठेवा. उद्या पहिली वळकटी तुम्ही चढवा."

ज्ञानेश्वरीची पारायणं मीही केली आहेत. स्वतःला मिळवायचं काही उरलेलं नसताना कृष्ण कर्म करतो, कारण लोक त्याच्या मागून चालतात, हे तिसऱ्या अध्यायात कितीदा वाचलं होतं. ट्रकपाशी उभं असताना ते एकदाही आठवलं नाही.

पहाटे उठून मी ट्रकला लागलो. पंधराव्या वळकटीला कंबर धरली. उरलेली तीन पोरं थोडा वेळ बघत राहिली, मग न बोलता आली.

त्या संध्याकाळी तरडगावच्या तळावर समाजआरतीला मी पहिल्यांदा नीट लक्ष दिलं. चोपदार चोप उंच करतात आणि एवढा समाज शांत होतो. ज्या दिंडीची तक्रार असते ती मात्र टाळ वाजवतच राहते. चोपदार तिथे जाऊन ऐकून घेतात, तेव्हा ते टाळ थांबतात. मी आमच्या दिंडीत सासवडपासून कोणाचंच ऐकलं नव्हतं.

फलटणहून त्या दोन पोरांना फोन करून माफी मागितली. एक जण एसटीने नातेपुत्याला येऊन मिळाला. मावशींचीही मागितली. त्या म्हणाल्या, "पाय चालले असते तर वेळेतच आले असते की हो."

वही मी टाकली नाही. कोणाला साखर, कोणाला रक्तदाब, कोणती गोळी, घरचा फोन नंबर, हे लिहिलेलं हवंच. ट्रकची वेळही पाळावी लागते, नाहीतर पुढच्या तळावर हाल होतात. जेवणाचा नियम मात्र मोडला. मागे राहिलेल्यांच्या भाकऱ्या फडक्यात बांधून ठेवतो आणि शेवटचा माणूस आल्यावर त्याच्याबरोबर जेवतो. त्यामुळे कोण लंगडतंय, कोणाला औषध हवंय, हे मला त्याच रात्री कळतं. कोणी दिंडीची व्यवस्था नव्याने घेणार असेल तर निदान एवढं करावं.

त्यानंतर चार वाऱ्या झाल्या. सामानाला आता नऊ-दहा पोरं आपणहून येतात. नीरेहून गेलेला तो दुसरा मुलगा मात्र आमच्या दिंडीत परत आला नाही.